नवरात्रीचे नऊ रंग, एकही नवीन साडी न घेता

घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी तो रंगांचा तक्ता फोनवर येतोच. आधी बहिणीकडून, मग ऑफिसच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या, मग शाळेतल्या पालकांच्या, आणि शेवटी कधीतरी एकदा ज्या दुकानातून कुर्ता घेतला होता त्या दुकानाकडून, खाली ऑर्डर करायचा नंबर टाकून. आणि मग सगळीकडे एकच सुरू, अगं माझ्याकडे ग्रे नाहीये, तुझ्याकडे आहे का, मागच्या वर्षीची नारिंगी सगळ्यांनी बघितलीये, रॉयल ब्लू म्हणजे नेव्ही ब्लू चालेल का.

आधीच सांगते, मी नऊ रंगांच्या विरोधात नाही. सकाळच्या लोकलमध्ये लेडीज डबा अख्खा पिवळा झालेला बघायला छान वाटतं, आणि फॅशनच्या नावाखाली आपल्यावर जे काय काय लादलं जातं त्यात हा प्रकार बराच निरुपद्रवी आहे. पण निरुपद्रवी आहे म्हणूनच कुणी विचार करत नाही आणि नऊ दिवसांसाठी चार साड्या, दोन कुर्ते, मॅचिंग कानातले असा खर्च होऊन बसतो, आणि दिवाळी अजून पुढेच असते. तर आहे त्या कपाटात हे नऊ दिवस मजेत कसे काढायचे ते लिहितेय. साडीवर जास्त लिहिलंय, पण कुर्ता-ड्रेसवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

तक्ता बनतो कसा

हे कळलं की अर्धं टेन्शन जातं. हा काही आज्जी-पणजीपासून चालत आलेला रिवाज नाही. २००३-०४ च्या सुमारास एका मोठ्या मराठी पेपरने वाचक बायकांसाठी ही कल्पना काढली, अमुक दिवशी अमुक रंग नेसा, ग्रुपने फोटो काढून पाठवा, आम्ही छापतो. बँका, पोस्ट, हॉस्पिटलं, शाळांच्या स्टाफरूम, सगळीकडून फोटो जायला लागले आणि बघता बघता ती परंपराच झाली. याला शास्त्रात आधार नाही हे पंचांगकर्ते पण सांगून झाले. आपल्याकडच्या जुन्या नवरात्रात घट असायचा, रोजची माळ, अखंड दिवा, कुठे भोंडला, कुठे कडाकण्या. त्यात रंगाचं बंधन नव्हतं, कुलाचार चुकला तर सासूबाई बोलायच्या, साडीचा रंग चुकला म्हणून कुणी बोलत नव्हतं.

आता मेख बघा. पहिले सात रंग वारावरून ठरतात. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार रॉयल ब्लू, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार ग्रे, रविवार नारिंगी. उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यातले. २०२४ ला घटस्थापना ३ ऑक्टोबरला, गुरुवारी होती म्हणून सुरुवात पिवळ्याने झाली, २०२५ ला २२ सप्टेंबरला सोमवार होता म्हणून पांढऱ्याने. २०२६ ला ११ ऑक्टोबर, रविवार, म्हणजे पहिला नारिंगी आणि ग्रे १७ तारखेला. झालं, आला तक्ता, कुणाच्या फॉरवर्डची वाट बघायची गरज नाही. (कुणी सांगतं हे ग्रहांवरून आहे. मग बुधाचा रंग हिरवा मानतात तो शुक्रवारी कसा गेला आणि बुधवारी निळा कसा आला, हे विचारून बघा, मजा येते.)

यातली कामाची गोष्ट ही की दरवर्षी तेच सात रंग असतात. फक्त क्रम फिरतो, आणि क्रम फिरला की आपल्याला वाटतं यंदा नवीन रंग आले, नवीन घ्यायला पाहिजे. दुकानदाराला हे पक्कं माहितीये. तुम्ही एकदा सात रंगांची सोय लावली की पुढच्या वर्षी फक्त कुठला कपडा कुठल्या दिवशी एवढंच बघायचं, आणि मागच्या वर्षीची नारिंगी यंदाही नारिंगीच असते. ती सगळ्यांनी बघितलीये हे खरं, पण कुणाच्या लक्षात नाहीये हे जास्त खरं, तुम्हाला तरी आठवतंय का शेजारच्या टेबलवरची मागच्या रविवारी, सॉरी, मागच्या वर्षी काय नेसली होती ते.

कपाट काढा, पण दिवसा

हे काम गणपती गेले की लगेच करायचं, आदल्या रात्री नाही. आणि खिडकीपाशी, उजेडात. ट्यूबलाइटखाली जांभळी साडी निळी दिसते, आमसुली काळी दिसते आणि मोरपंखी तर काय वाट्टेल ती दिसते. सगळं पलंगावर काढा, साड्या, कुर्ते, दुपट्टे, जुने ब्लाऊज, नवऱ्याचे शर्टसुद्धा, आणि रंगांचे ढीग करा.

ढीग करताना हात सैल सोडा. पिवळ्यात लिंबू, हळदी, आंबा, सोनेरी सगळं जातं. हिरव्यात पोपटी, बॉटल ग्रीन, मेंदी. नारिंगीत केशरी, गाजरी, विटकरी आणि अगदीच अडलं तर अबोली. लालमध्ये कुंकवाचा लाल, डाळिंबी, मरून. गुलाबीत राणी कलर पण आला. तक्त्यातला चौकोन बघून अगदी तीच शेड शोधायला जाऊ नका, तो चौकोन सुद्धा प्रत्येक ग्रुपवर वेगळा दिसतो. आपल्या भाषेत एकेका रंगाची चार-पाच नावं आहेत ती काय उगाच नाहीत, घ्या की वापरून.

आता ज्या रंगाच्या ढिगात काहीच नाही त्यांच्याकडे वळा. तिथे बघायच्या गोष्टी अशा.

धूपछाव. म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे हलली की रंग बदलणारी साडी. आईच्या नाहीतर सासूबाईंच्या कपाटात अशी एक असतेच असते. हिरवी-जांभळी धूपछाव दोन दिवस चालते, निळी-हिरवी असेल तर रॉयल ब्लू आणि मोरपंखी दोन्ही मिटले. ब्लाऊज ज्या रंगाचा घालाल त्या रंगाकडे साडी झुकते, हे करून बघा, खरंच होतं.

काठ. साडीचं अंग काळं का असेना, काठ चांगला हातभर रुंद लाल असेल तर ती मंगळवारची साडी. उलटा पदर घेतलात की काठ समोर येतो, निऱ्यांना येतो, फोटोत तर तोच दिसतो.

ब्लाऊज आणि दुपट्टा. सगळ्यात स्वस्त मार्ग हाच. मोतिया किंवा फिक्या रंगाची एक साडी आणि त्यावर चार वेगळे ब्लाऊज, झाले चार दिवस. जुने ब्लाऊज होत नाहीत म्हणून टाकू नका, आतून उलटे करून बघा, शिंप्याने माया सोडलेली असते, दोन्ही बाजूंची एकेक शिवण उसवली की एक-दीड इंच सहज मिळतो. हे अल्टरेशनचं काम कोपऱ्यावरचा टेलर लगेच करून देतो, नवीन ब्लाऊज शिवायला मात्र नवरात्राच्या तोंडावर तो घेणारच नाही. ड्रेसवाल्यांनी साधा पांढरा किंवा काळा कुर्ता आणि रंगीत दुपट्टा एवढंच लक्षात ठेवायचं.

आणि ते ब्लाऊज पीस! हळदीकुंकवात, ओटीत आलेले, कपाटाच्या खालच्या खणात गठ्ठा पडलेला असतो. ते शिवायलाच पाहिजेत असं नाही. एक मीटरचा असेल तर मधून उभा कापून दोन तुकडे लांबीला जोडा, कडा दुमडून टीप मारा, झाला स्टोल.

अडणारे रंग

लाल, पिवळा, हिरवा कुणाचंच अडत नाही, लग्नकार्यात मिळालेल्या साड्यांमध्ये हेच रंग जास्त असतात. अडतं ते ग्रेवर.

ग्रे आपल्याकडे सणाचा रंग कधी नव्हताच. राखाडी शालू कुणी रुखवतात ठेवलाय का? त्यामुळे कपाटात नसतो, आणि बरोब्बर म्हणूनच शनिवारच्या आदल्या आठवड्यात सगळीकडे ग्रे साड्या टांगलेल्या दिसतात. नऊ रंगांच्या नावाने सगळ्यात जास्त विकत घेतला जाणारा आणि नंतर सगळ्यात कमी वापरला जाणारा रंग हाच असणार असा माझा अंदाज आहे. तर ग्रेला काय काय चालतं ते ऐका. काळ्या-पांढऱ्या बारीक चौकडीची सुती साडी लांबून ग्रेच दिसते. काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा, तेच. चंदेरी जरीची, टिश्यूची कुठलीही साडी. संक्रांतीची काळी साडी आणि त्यावर चंदेरी ब्लाऊज, वर ऑक्सिडाइजचे दागिने, कुणाची हिंमत नाही याला ग्रे नाही म्हणायची. नवऱ्याचा नाहीतर भावाचा ग्रे फॉर्मल शर्ट बाह्या दुमडून, खाली काळी पँट, गळ्यात मोठं चांदीसारखं काहीतरी, हे तर सगळ्यात भारी दिसतं. आणि एक, बहुतेक ऑफिसं शनिवारी बंद असतात! आधी विचारा, शनिवारी आपण भेटतोय का मुळात? कितीतरी जणी घरी बसायच्या दिवसासाठी साडी मागवतात.

पांढऱ्याचा प्रश्न वेगळा. घटस्थापनेला किंवा सणाच्या दिवसात पांढरं नको असं घरातली मोठी माणसं म्हणतात, आणि त्यांच्याशी वाद घालत बसू नये असं माझं मत. लाल काठाची पांढरी, सोनेरी काठाची केरळी, मोतियावर हिरवे काठ, म्हणजे ग्रुपला पांढरी दिसते आणि सासूबाईंना काठाची दिसते. जाता जाता एक सांगते, या रंगांच्या ट्रेंडने एक चांगलं काम नकळत केलंय. नवरा गेल्यावर ज्या बायकांनी लाल, हिरवा अंगाला लावला नव्हता त्या या नऊ दिवसात ऑफिसचा आहे म्हणून, सोसायटीचा आहे म्हणून बिनधास्त नेसतात, कुणी वर मान करून बघत नाही. माझ्या ओळखीत अशा काकू आहेत, त्यांना शुक्रवार सगळ्यात आवडतो. म्हणून मी हा प्रकार सरसकट मोडीत काढत नाही.

रॉयल ब्लूला नेव्ही चालतो, जीन्सचं जॅकेट चालतं. नारिंगी नसेल तर पिवळ्या साडीवर लाल ब्लाऊज, डोळे फसतात. मोरपंखीला रामा ग्रीन. गुलाबी-जांभळ्याला आईची कुठलीही वांगी कलरची. आणि अगदीच काही नसेल तर गजरा, टिकली, बांगड्या आणि नेलपेंट त्या रंगाची, झालं. पुरुषांचं बरं आहे, पांढरा, निळा, ग्रे तीन शर्ट तयारच असतात, पिवळ्याला आयपीएलचा टीशर्ट काढतात आणि वर आम्हालाच विचारतात एवढा गोंधळ कशाला.

अदलाबदल

चार-पाच मैत्रिणी, साधारण जवळ राहणाऱ्या. प्रत्येकीने आपल्याकडे जास्त असलेले रंग आणि नसलेले रंग एका मेसेजमध्ये लिहायचे. दहा मिनिटात जुळतं, करून बघा, एकीकडे तीन पिवळ्या पडून असतात आणि दुसरीकडे शून्य. साडीला मापाचा प्रश्न नाही, साडेपाच मीटर कुणालाही पुरते, हा तिचा केवढा मोठा फायदा आहे आणि आपण तो वापरतच नाही. ब्लाऊज मात्र आपापला.

पण दुसरीची साडी नेसायची तर काही गोष्टी पाळायच्याच. पिन लावताना सेफ्टीपिनमध्ये आधी एक छोटा मणी ओवा, तो पिनच्या गोल वळणापाशी सरकवून मग पिन साडीत घाला, म्हणजे कापड त्या वळणात अडकून फाटत नाही, रेशमी साड्यांची खांद्यावरची भोकं बहुतेक अशीच पडतात. परफ्यूम साडी नेसायच्या आधी, नंतर जरीवर नाही. लोकलने जाणार असाल तर दुसरीची पैठणी मागूच नका, सुती किंवा सिंथेटिक मागा. घरी आल्यावर लगेच घडी नाही करायची, सावलीत दोन-तीन तास पसरून घाम सुकू द्यायचा. दुसरीची रेशमी साडी आपल्या मनाने धुवायची नाही, विचारायचं, आणि ड्रायक्लीनला द्यायची असेल तर खर्च आपला. सुती असेल आणि रंग जाईल अशी शंका असेल तर आधी आतल्या टोकाला ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळून बघा, रुमालाला रंग लागला तर वेगळीच धुवायची, थंड पाण्यात. परत देताना पिशवीत काहीतरी घालून द्या, आपल्याकडे डबाही रिकामा परत देत नाहीत.

आणि ज्या मैत्रिणीला द्यायला आवडत नाही तिला आग्रह करू नका. काही साड्यांमध्ये माणसं असतात, त्या कुणाला दिल्या जात नाहीत.

ग्रुपवरचं प्रेशर

खरा त्रास कपाटाचा नाहीच, इथला आहे. तक्ता टाकणारीचा हेतू चांगलाच असतो, पण फोटोच्या वेळी "अगं तू आज हिरव्यात कशी" असं कुणीतरी हसून म्हणतं आणि ती बिचारी कडेला सरकते. दुसऱ्या दिवशी ती साडी मागवते. ट्रेंड असाच चालतो, जाहिरातीने जेवढा चालत नाही तेवढा या एका वाक्याने चालतो.

तुम्ही ग्रुप ॲडमिन असाल, ऑफिसमध्ये हे ठरवणाऱ्या असाल, तर तक्त्यासोबत एक ओळ टाका. मी अशी टाकते, हवी तर उचला: "उद्या शनिवार, ग्रे. नसेल तर काळं-पांढरं, चंदेरी काहीही चालेल. काहीच नसेल तर आहे त्या कपड्यात फोटोला यायचंच, दांडी चालणार नाही." आणि फोटोत वेगळ्या रंगातल्या बाईला कडेला नाही, मधे उभी करा. एवढं केलं तरी खूप फरक पडतो. बेस्ट ड्रेस्डचं बक्षीस असेल तर त्याऐवजी सगळ्यात जुन्या साडीला बक्षीस ठेवून बघा. आईच्या लग्नातली, आज्जीची इरकल, काय काय बाहेर येतं, प्रत्येक साडीबरोबर एकेक गोष्ट येते आणि त्या दिवशी कुणी नवीन घेतलेली नेसून आली तर तीच हरते!

अजून एक. ऑफिसच्या हाउसकीपिंगच्या ताई नऊ दिवस युनिफॉर्ममध्येच असतात. आणि ग्रुप फोटो काढायला आपण फोन कुणाच्या हातात देतो? त्यांच्याच. एक दिवस तरी फोन दुसऱ्या कुणाकडे द्या आणि त्यांना बोलवा. त्यांना रंगाची साडी नेसायची असेल तर एचआरला विचारून नऊ दिवस युनिफॉर्म सोडायची परवानगी काढता येते का बघा, पण मग साडीचा खर्च त्यांच्या डोक्यावर नको, हे पण बघा.

आपल्यालाच भाग घ्यायचा नसेल तर? कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की त्यावर उपाय सुचवले जातात, "अगं ऑनलाइन बघ ना, उद्या येईल". सरळ म्हणायचं, मी फोटो काढते, नाहीतर मी गजरे आणते. दुसरं काम अंगावर घेतलं की कपड्यांची चौकशी बंद होते, हमखास.

शाळेचा मेसेज आला, उद्या मुलांना नारिंगी, तर त्याच रात्री दुकान गाठू नका. मुलं एका वर्षात वाढतात, तो टीशर्ट पुढच्या नवरात्रात होणार नाही. पालकांच्या ग्रुपवर विचारा, वरच्या वर्गातल्या मुलांचे आखूड झालेले कपडे असतातच. शिक्षिकेला विचारा, नारिंगी रिबन किंवा रुमाल चालेल का, बहुतेक वेळा त्या चालेल म्हणतात कारण त्यांनाही हे वरून आलेलं असतं.

तरी घ्यायचीच असेल तर

हौस असते, मला पण असते, त्यात काही गैर नाही. फक्त दुकानात उभं राहून स्वतःला विचारा, दसऱ्यानंतर ही कुठे नेसणार? तीन प्रसंग नाव घेऊन सांगता आले पाहिजेत. "कुठेतरी होईल" हा प्रसंग नाही. "भाचीच्या बारशाला" हा प्रसंग आहे. आणि हिशोब साडीच्या किमतीवर थांबवू नका. फॉल-पिको आलं, अस्तराचा ब्लाऊज आला, परकर आला, त्या रंगाचं काहीतरी गळ्यात आलं. स्वस्तातली साडी असेल तर कधीकधी ब्लाऊजची शिलाई साडीपेक्षा जास्त होते. हा सगळा आकडा एका कागदावर लिहून बघा मग ठरवा.

कापड हातात घेऊन बघा. नऊ रंगांसाठी म्हणून जो माल येतो त्यात सुरतचं पॉलिएस्टर खूप असतं, दिसायला झकास, घडी मोडत नाही, पण ऑक्टोबर हीटमध्ये गर्दीच्या गाडीत दोन तास ती अंगावर असणार आहे हे लक्षात घ्या. दुकानदार सिल्क म्हणत असेल आणि शंका असेल तर पदराच्या गोंड्यातला एक धागा मागून घ्या, जाळून बघा. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक गोळी होते. सुती धागा कागदासारखा जळतो.

रंगांच्या जोडीला दरवर्षी एखादा कापडाचा पण ट्रेंड असतो. गेल्या काही वर्षांत खणाने धुमाकूळ घातलाय. मूळचा तो चोळीचा कपडा, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, लहान पन्ह्याचा, हातमागावरचा. आता त्याच नक्षीचं मशीनवरचं कापड येतं, त्याची साडी, कुर्ता, पर्स, तोरण, आकाशकंदील, मी खणाचं मोबाइल कव्हरही बघितलंय. घ्यायला हरकत नाही, पण हातमागाचा भाव देऊन मशीनचं घेऊ नका एवढंच. पैठणीचंही तेच. हाताने विणलेल्या येवल्याच्या पैठणीचा पदर उलटून बघा, मागून पण पुढच्यासारखाच दिसतो. मागे लोंबते धागे किंवा कापलेल्या दोऱ्यांची टोकं दिसली तर ते जॅकार्ड किंवा पॉवरलूमचं काम. सेमी पैठणी वाईट नाही हो, सुंदर दिसते, पण सेमीच्या भावात.

आणि एक मधला मार्ग, आहे ती साडी रंगवणे. सुती किंवा रेशमी फिकी पडलेली, डाग पडलेली साडी रंगाऱ्याकडे दिली तर गडद रंगात छान निघते. फिक्यावर गडद चढतो, गडदावर फिका नाही. पॉलिएस्टरवर घरगुती रंग चढत नाही, त्याच्या नादी लागू नका. जरीचे काठ असतील तर रंगाऱ्याला आधी दाखवा, सगळे घेत नाहीत. एक डागाळलेली मोतिया साडी अशी रॉयल ब्लू करून घेतलीत तर बुधवार कायमचा सुटला.

दसऱ्यानंतर

सगळं घाईत कोंबून ठेवू नका, दिवाळीत तेच काढायचंय. जरीच्या साड्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायच्या नाहीत, हवा लागत नाही आणि जर काळी पडते. जुन्या धुतलेल्या सुती साडीचा नाहीतर मलमलचा तुकडा घ्या आणि त्यात गुंडाळा, वर्षातून दोन-तीनदा घडी बदला, नाहीतर घडीवरच साडी विरते. डांबरगोळ्या जरीला थेट टेकू देऊ नका, कपाटाच्या कोपऱ्यात पुरचुंडीत.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. सात वार, सात रंग, त्यापुढे आपल्याकडचं काय, आणि कुणाकडून आणलं असेल तर तिचं नाव. पुढच्या वर्षी तक्ता आला की आधी तो कागद उघडायचा. आणि उसनी आणलेली साडी दिवाळीच्या आधी परत गेलीच पाहिजे, तिला पाडव्याला ती हवी असू शकते.